घरचं रक्त

नलूचे धुतलेले गाऊन पिशवीत भरून मी तिच्या घराला कुलूप लावत होते, तेव्हा वसंताचा फोन आला. इंदूरच्या दवाखान्यात त्या सकाळी तिच्या उशाशी तो बसला होता आणि मी कपडे न्यायला धारला आले होते. तिने मला निघताना बजावलं होतं, निळा आणू नकोस, त्याची बटणं टोचतात. मी निळा वगळून बाकीचे घेतले होते. फोनवर वसंता एवढंच म्हणाला, "सुमनताई, अक्का गेली." मी विचारलं, "कुठे?" … खरंच असं विचारलं मी. पाय जायबंदी, हातात सुया, नाकात नळी, असं माणूस उठून कुठे जाणार? पण तेवढं कळण्याइतकी अक्कल त्या क्षणी माझ्यापाशी नव्हती. मी कुलूप परत काढलं, आत गेले आणि तो निळा गाऊनही पिशवीत घातला. का, ते आजही मला सांगता येत नाही.

या गोष्टीला आता तीन महिने होत आले. दिवसवारे झाले, भेटायला येणारी माणसं यायची थांबली, तिच्या दारातल्या तुळशीला आता मीच पाणी घालते. पण तो धक्का काही जागचा हलायला तयार नाही. माणसं जातात, आमच्या वयात तर रोज कुणी ना कुणी जातं. नलू गेली याच्याहून ती कशाने गेली हे भयंकर आहे, आणि ते वगळून तिच्याबद्दल गोड गोड लिहिणं मला जमणार नाही. तिलाही ते आवडलं नसतं.

नलू म्हणजे नलिनी. धारच्या मुलींच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची आणि मी हिंदी. आम्हा दोघींच्या घराण्यांतली माणसं संस्थानच्या चाकरीसाठी कधीकाळी इकडे आली आणि इथलीच झाली. घरात सोवळं-ओवळं, श्राद्धपक्ष, आणि दाराबाहेर पाऊल पडलं की "क्या भिया". मी मूळची फटकळ, ती मूळची हट्टी. जमलं ते त्यामुळेच. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की ती म्हणायची, वेळच नाही मिळाला, वह्या तपासायच्या होत्या.

दहावीच्या वर्गात रक्ताचा धडा आला की साऱ्या शाळेला कळायचं, कारण त्या दिवशी एखादी तरी मुलगी चक्कर येऊन पडायचीच. ओळखीच्या पॅथॉलॉजीवाल्याकडून नलू स्वतःचंच रक्त नळीत काढून आणायची. ते गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं असायचं. सकाळी ती नळी खिडकीत उभी करून ठेवायची आणि दुपारी मुलींना जवळ बोलवायची. तोवर रक्त खाली बसलेलं असे. वर शिजल्या डाळीवर यावं तसं पिवळसर निवळ पाणी, तो प्लाझ्मा. निम्म्याहून जास्त रक्त म्हणजे हे पाणीच, ती सांगायची. साखर, मीठ, औषध, सगळ्याची ने-आण यातूनच चालते. तळाला तांबड्या पेशी. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि पार पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचा, जन्मभर दुसरा उद्योग नाही, आणि जन्म तरी केवढा, चार महिन्यांचा. या दोन थरांच्या मधे, डोळे बारीक केले तरच दिसेल अशी पांढुरकी साय. त्या सायीत प्लेटलेट, म्हणजे फाटलं तिथे धावत जाऊन थिगळ लावणाऱ्या. आणि पांढऱ्या पेशी. या पांढऱ्या पेशींवर तिचा फार जीव. "ये घर की पहरेदार हैं," ती मुलींना सांगायची, "आने वाला अपना है कि पराया, बस इतना देखती हैं. पराया निकला तो छोड़ती नहीं." मग एखादी मुलगी हटकून विचारायची, मॅडम, जात-जात का खून अलग होता है क्या? नलू या प्रश्नाला कधी हसली नाही. रक्ताला जात कळत नाही आणि नातंही कळत नाही, गट जुळला की माझं तुला चालेल आणि तुझं मला, असं ती ठणकावून सांगायची. निवृत्त झाल्यावर हेच सांगत ती स्कूटरवरून तिरल्याकडच्या वसतिगृहांतून हिंडायला लागली. तिकडे मुलींमध्ये सिकलसेल फार. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि रक्तवाहिनीत अडकून बसतात. त्या मुलींना आपल्याच दुखण्याचं नाव माहीत नसतं, याचा तिला संताप यायचा.

आणि याच नलूच्या घरात एक रीत होती. घरचं माणूस आजारी पडलं तर त्याला बाहेरचं रक्त चढवायचं नाही. आजोबांच्या आजारपणापासून ती पडली म्हणतात. कुणी दवाखान्यात गेलं की घरचे पुरुष बाह्या सरसावून हजर. काका, चुलतभाऊ, सगळे, फक्त जावई सोडून. सोवळंच ते, फक्त स्वयंपाकघरातून निघून दवाखान्यात शिरलेलं. नलू या रीतीची यथेच्छ टिंगल करायची. तुमच्या घरच्या रक्तात काय केशर घातलंय का, असं तिने एकदा आपल्या काकांना तोंडावर विचारलं होतं.

वसंता तिचा धाकटा भाऊ. ऐन विशीत तो देवासच्या कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. आई राहिली नलूपाशी. आई गेली ती मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, आणि वसंता नेमका सासुरवाडीला, सतवासला, लग्नकार्यात. निरोप मिळताच तो निघाला, पण वाटेत ट्रक उलटून रस्ता बंद पडला. इकडे देह ठेवण्यासारखी स्थिती नव्हती. नलूने वाट पाहिली, पाहिली, आणि उन्हं कलली तेव्हा स्वतः अग्नी दिला. वसंता पोचला तेव्हा धूर होता फक्त. मुलगा जिवंत असताना आईला अग्नी मुलीने दिला, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. वसंता माणूस वाईट नाही, पण त्या घराण्यात राग वडिलोपार्जित मिळतो, जमिनी गेल्या तरी तो शिल्लक आहे. त्याची मुलगी मृणाल तेवढी आत्याला चोरून फोन करायची. भाऊबीजेला नलू डोळे गाळत बसायची नाही. माझ्याकडे येऊन भरपूर जेवायची आणि वसंताला मनसोक्त शिव्या द्यायची. त्या शिव्यांवरूनच मी काय ते ओळखायचे.

यंदा श्रावणात तिरल्याच्या रस्त्यावर तिची स्कूटर चिखलात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. धारच्याच दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली, रक्त लागेल असं डॉक्टर म्हणाले. त्यात काळजीचं काही नव्हतं. तिच्या गटाची पिशवी रक्तपेढीत तयार होती. मी मृणालला कळवलं, वसंताला कळवायची माझी छाती नव्हती. दुपारी बघते तो वसंता दारात उभा. इतक्या वर्षांत केस पांढरे झालेले, हातात बिस्किटांचा पुडा. "अक्का," एवढं म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचेना. मग त्याच्या कानावर रक्ताचं गेलं, आणि जणू बोलायला विषय मिळाला तसा तो म्हणाला, "बाहेरचं कशाला? मी मेलो आहे का?" रक्तपेढीतल्या माणसाने त्याला समजावून पाहिलं की तुम्ही द्या, ते साठ्यात जाईल, आणि ताईंना तयार पिशवी मिळेल, सगळे असंच करतात. पण आमच्याकडे ओळख नावाची एक गोष्ट असते. वसंताचा कारखान्यातला कुणी जुना सोबती निघाला, त्याने कुणाला तरी फोन केला, घर का मामला है भिया, देख लेना, आणि वसंताचंच रक्त वसंताच्याच बहिणीला, ताजं ताजं, असं ठरून गेलं.

नलूने तोंड उघडलं होतं. गट जुळला की झालं रे वसंता, कुणाचं का असेना, इथपर्यंत ती बोललीही. मग तिने त्याच्याकडे बघितलं. तो बाही वर करून उभा होता, हट्टाने, लहान मुलासारखा. ती गप्प झाली. तो खाली गेल्यावर मी तिच्यावर उखडले, म्हटलं, जन्मभर मुलींना काय शिकवलंस आणि आता काय करतेस? ती म्हणाली, "राहू दे सुमे. इतकी वर्षं माझ्या घरचं पाणी प्यायला नाही तो. आज रक्त द्यायला निघालाय. नाही कसं म्हणू?"

पुढचे आठ-दहा दिवस … मला वाटतं, आई गेल्यानंतर नलू एवढी सुखात मी पाहिली नव्हती. तिला घरी आणलं आणि वसंता रजा काढून धारलाच राहिला. तिच्या स्वयंपाकघरात त्याने कढी केली, ती फुटली, ती आम्ही तिघांनी खाल्ली. आता तुझ्या अंगात माझं रक्त आहे अक्का, आता भांडलीस तर ते माझंच भांडण, असं तो म्हणाला आणि नलू पोट धरून हसली, मग मांडी दुखली म्हणून ओरडली. एका दुपारी त्याने तिला आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने सगळं सांगितलं, आई कुणाची नावं घेत होती ते, शेजारच्यांनी काय केलं ते. तो म्हणाला, त्या उन्हात तू एकटी होतीस, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी भांडी घासण्याचं निमित्त करून आत गेले.

मग ताप आला. डेंग्यूची साथ होतीच, तेव्हा डेंग्यू म्हणून उपचार सुरू झाले. दोन दिवसांनी तळहातांवर, तळपायांवर, कानांच्या पाळ्यांवर लाल पुरळ उठलं. औषध सोसलं नसेल म्हणून औषधं बदलली. मग जुलाब. मग डोळे पिवळे. रक्त तपासलं तर सगळंच घसरत चाललेलं, आणि आम्ही तिला इंदूरला हलवलं. वर्गात ती जे शिकवायची ते आता तिच्याच अंगावर उलटं वाचता येत होतं. तांबड्या पेशी उतरल्या तशी कूस बदलली तरी धाप लागू लागली. प्लेटलेट उतरल्या तसं हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि सुई टोचली तिथे काळेनिळे डाग. पांढऱ्या पेशी उतरल्या आणि ताप ठाण मांडून बसला. बाहेरून रक्त दिलं, प्लेटलेट दिल्या, तळ फुटलेल्या घागरीत पाणी ओतावं तसं सगळं वाहून जात होतं. डेंग्यूची तपासणी पुन्हा केली, तर डेंग्यू निघालाच नाही.

इंदूरला रक्ताच्या विकारांची एक तरुण डॉक्टर होती. तिने नलूचे तळहात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, ऑपरेशन में ब्लड किसका चढ़ा था? मी अभिमानाने सांगितलं, सगे भाई का. वसंता त्या वेळी खाली औषधं आणायला गेला होता. मग डॉक्टरने विचारलं, "इनके माता-पिता आपस में रिश्तेदार थे क्या?" मला हा प्रश्न काय, हेच कळेना. उत्तर नलूने दिलं, पडल्या पडल्या, डोळे मिटूनच. "हाँ. माँ, पिताजी के मामा की बेटी थीं." आमच्यात मामाची मुलगी करतात, आणि इकडे मोजकीच घरं, तेव्हा तर सर्रास. उत्तर दिलं आणि नलूने डोळे उघडले. ती त्या डॉक्टरकडे बघत राहिली, आणि मी तिला इतकी वर्षं ओळखते म्हणून सांगते, तिला त्याच वेळी कळलं. पुरतं नाही, पण काहीतरी कळलं. तिने त्या मुलीला सरळ विचारलं, बेटा, मैं टीचर हूँ, ठीक से समझाओ.

त्या मुलीने नीट समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. पिशवीतल्या रक्तात देणाऱ्याच्या थोड्या जिवंत पांढऱ्या पेशीही येतात. परक्या माणसाच्या असल्या की आपलं शरीर त्यांना ओळखतं आणि काही दिवसांत संपवून टाकतं, म्हणून एरवी काही होत नाही. पण अगदी जवळच्या नात्यातल्या माणसाच्या असल्या, आणि त्यात आई-वडीलही नात्यातले, तर क्वचित असं घडतं की शरीराला त्या आपल्याच वाटतात. ते त्यांना हात लावत नाही. मात्र त्या पेशींना हे घर आपलं वाटत नाही. त्या वाढतात आणि हल्ला करतात, कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर, आणि शेवटी हाडांतल्या मगजावर, जिथे सगळं रक्त तयार होतं त्यावरच. भावाच्या रक्तातल्या राखणदारांनी बहिणीला परकी ठरवलं होतं. पिशवीला आधी किरण दिले तर या पेशी निकामी होतात आणि धोका टळतो, पण ते यंत्र सगळीकडे नसतं. आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे जवळच्या नात्यातलं रक्त घ्यायचंच नाही … रक्तपेढीत तिच्यासाठी तयार होती ती कुणा अनोळखी माणसाची पिशवी.

एखादी हुशार मुलगी धडा घडाघडा म्हणून दाखवतेय, तशी नलू ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मुलींना मी अर्धंच शिकवलं." तिच्या पुस्तकांत एवढंच होतं, गट जुळला की झालं. तिने उपाय विचारला. डॉक्टर म्हणाली, आम्ही सगळं करतो आहोत, आणि तिच्या तोंडाकडे बघून बाकीचं आम्हाला समजलं. डॉक्टर गेल्यावर नलूने माझं मनगट धरलं. त्या हातात जोर म्हणून उरला नव्हता, पण धरलं. "वसंताला यातलं अक्षर कळता कामा नये. त्याने मला आपलं रक्त दिलंय, सुमे. त्याच्यापाशी तेवढं तरी राहू दे." मी हो म्हणाले. त्यानंतर आमच्यात त्याबद्दल बोलणं झालं नाही. तो आला की ती त्याला जवळ बसवून घ्यायची आणि तळहात चादरीखाली ठेवायची.

ती गेल्यावर सगळ्यांना सांगितलं, डेंग्यू बिघडला. सगळ्यांनी मान्यही केलं. डेंग्यूवर इकडे कुणी शंका घेत नाही. मग एक दिवस भाजीच्या गाडीपाशी मेथी निवडत असताना त्या डॉक्टरचा फोन आला. नलूचा नमुना तिने बाहेर तपासायला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं होतं. "मैडम," ती म्हणाली, "उनके खून में जो सफेद सेल बचे थे, वो पुरुष के थे." मी मेथीची जुडी हातात घेऊन शेजारच्या ओट्यावर बसले. भाजीवाला पाणी देत होता, काय झालं विचारत होता. काय सांगणार त्याला? शेवटी शेवटी नलूच्या अंगात राखणीला नलूची स्वतःची कुणी उरली नव्हती. वसंताच होता सगळीकडे. आणि वसंता तिकडे देवासला, आपण बहिणीसाठी शक्य ते सगळं केलं, एवढ्या एका समाधानावर दिवस ढकलत होता. डॉक्टरने मला बजावलं होतं की भावाला सांगा. मी सांगितलं नाही. नलूला शब्द दिला होता, आणि शब्द नसता दिला तरी माझ्याने झालं नसतं.

तो शब्द मी पाळला असता. पण मृणालचा फोन आला. ती बाळंतपणासाठी माहेरी देवासला आलेली. वार खाली आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, रक्त तयार ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इकडच्या मुलांचं मराठी म्हणजे अर्धी खिचडी, ती म्हणाली, "मावशी, बाबा पीछे पड़ गए हैं, ब्लड तेच देणार म्हणतात. तीन महिने पूरे होने की राह देख रहे हैं. तुम्ही समजवा ना, त्यांचं वय झालं आता." तिला बिचारीला बापाच्या वयाची काळजी. मी इंदूरच्या डॉक्टरला विचारलं, बापाचं रक्त मुलीला? ती जवळजवळ ओरडलीच, बिल्कुल नहीं. गुपचूप मृणालला सांगून पिशवी बदलावी, असाही विचार माझ्या मनात आला. पण वसंता दारात उभा राहून विचारणार, माझीच ना? आणि आज मृणाल, उद्या आणखी कुणी. त्या घराण्यात अजून किती बाह्या वर व्हायच्या होत्या. मी देवासची बस धरली.

वसंता खुशीत होता. बीट खातो, खजूर खातो, चहा सोडलाय, हिमोग्लोबिन बघा सुमनताई, असं सांगून त्याने मला चहा दिला आणि स्वतः घेतला नाही. मृणाल आत झोपली होती, तिची आई देवळात गेली होती. मी विषय कसा काढावा याची मनाशी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "अक्काला दिलं, ते तिला लाभलं नाही, डेंग्यूने नेलं. पोरीला तरी लाभेल." मग मला थांबता आलं नाही. मी सगळं सांगितलं. इकडेतिकडे न फिरवता, नलू सांगायची तसं, पहिल्यांदा रक्तात काय काय असतं ते, मग पांढऱ्या पेशी काय करतात ते, मग काय झालं ते. पुरुषाच्या पेशींचंही सांगितलं. उजव्या हाताचा अंगठा त्याने डाव्या कोपराच्या खोलगटीत नेला आणि रक्त दिल्यावर कापूस दाबून धरायला सांगतात तसा दाबून धरला. मग विचारलं, "अक्काला कळलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण एकदा खरं बोलायला बसल्यावर त्यातला एवढाच तुकडा खोटा कसा ठेवू? मी हो म्हणाले. "काय म्हणाली?" मी म्हणाले, "तुला सांगू नको म्हणाली."

तो उठून मागच्या अंगणात गेला. मी गेले नाही. मृणाल उठून विचारायला लागली, बाबा कुठे आहेत, तर मी म्हटलं, कपडे वाळलेत का बघताहेत. आठवडाभर तो कुणाशी बोलला नाही असं मृणालच्या आईने सांगितलं. मग आपण होऊन रक्तपेढीत गेला, एकटाच. कुणालाही द्या म्हणून रक्त देऊन आला. तिथल्या मुलीला मात्र तो पुन्हा पुन्हा सांगत होता म्हणे, "हमारे खानदान में किसी को मत चढ़ाना," आणि ती हो म्हणेपर्यंत खाटेवरून उठला नाही. हे सगळं लिहू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, लिहा, माझं नाव घालून लिहा, घरोघरी असे मूर्ख बसले आहेत.

मृणालची शस्त्रक्रिया नीट पार पडली. रक्त लागलंच, आणि कुणा अनोळखी माणसाचं लागलं. त्या दिवशी वसंता वऱ्हांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होता. मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, नाक त्यांच्या घराण्याचं. मी बारशाच्या आधी बघायला गेले तेव्हा मृणालने ती कापडात गुंडाळलेली पोर बापापुढे धरली आणि वसंताने दोन्ही हात पाठीमागे नेले. मृणालची आई हसली, म्हणाली, आल्यापासून असंच चाललंय, पाडीन म्हणून भितात. मला हसू आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सुमनताई, मी घेतलं तर चालेल ना हो तिला?"

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो वर्गातला होता, नलूचा, मुली घाबरल्या की ती लावायची तो. मी म्हटलं, "ते पिशवीतून जातं, वसंता. हाताने जात नाही. घे तिला."

त्याने हात पुढे केले. पोरीला घेतलं, पण अंगाशी धरलं नाही. दोन्ही तळहातांवर, स्वतःपासून लांब, असं धरून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. तिला ते आवडलं नाही. तिने तोंड लाल करून असा काही आकांत मांडला की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला लागली. तेव्हा कुठे त्याने तिला छातीशी घेतलं.